मुलगी, होडी, ड्रेक

पाकिटातून जी बाई निघाली तिच्या अंगावर कपडे म्हणून धातूचे दोन पत्रे होते. एक वर, एक खाली, दोन्ही घासून लखलखीत केलेले. सोनेरी केस वाऱ्यावर, हातात तलवार, एक पाय होडीच्या काठावर, आणि त्या पायाने जन्मात चिखल पाहिला नसावा. मागे आभाळभर ड्रॅगन. हिरवागार, खवल्याखवल्यांचा, जबड्यातून जाळ ओकणारा. वर ठळक अक्षरांत पुस्तकाचं नाव : ‘ज्वालानदीची कन्या’. त्याखाली, नीट शोधलं तर सापडेल एवढ्या आकारात, लेखिकेचं नाव : आर्डिस क्वामे.

आर्डिसने ते चित्र सरळ धरून पाहिलं, लांब धरून पाहिलं, उलटं करून मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. दुसऱ्या कोणाचं पाकीट चुकून आपल्याकडे आलं असंच तिला वाटलं. तिने पुस्तकाला दिलेलं नाव ‘मोर्वाची होडी’ होतं. तिच्या पुस्तकात नदी होती, ज्वाला कुठेच नव्हती, आणि कन्या तर नव्हतीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती ते चित्र शाळेत घेऊन गेली. न्यायला नको होतं.

सरोवराकाठच्या डुलूथ गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात आर्डिस आणि लव्हर्न माकी वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहून पोरांच्या ताटांत बटाटे वाढत आल्या होत्या. जेवणं उरकली, तेव्हा लव्हर्नने साबणाचे हात पुसले, चित्र घेतलं आणि शिट्टी मारली.

“अगं बाई! ही कोण, तू?”

“मी कशाला असेन?”

“तेच म्हणते. तुझं पोट कुठं लपवलं त्यांनी? आणि हे पत्र्याचं घालून हिला जरा आपल्या सरोवराच्या वाऱ्यात उभी करा म्हणावं. जानेवारीत. असं चिकटेल अंगाला की चाकूनं सोडवावं लागेल.”

बाकीच्या बायका हसल्या. आर्डिसही हसली. हसली नसती तर अजून बोलल्या असत्या.

“तुझी ती म्हातारी कुठाय ह्यात?” लव्हर्नने विचारलं.

“नाही.”

“आणि बदक?”

“नाही.”

“मग हे तुझंच पुस्तक कशावरून?”

लव्हर्न दुकानाच्या जाहिरातींपलीकडे काही वाचत नसे. पण भांडी घासता घासता आर्डिसने तिला एकदा गोष्ट सांगितली होती. मोर्वा ही म्हातारी नावाडीण. गावातून हाकलून दिलेल्यांना नदीपार सोडायचं हे तिचं काम. जो तिच्याशी बोलेल त्याची पाळी पुढची, अशी गावाची समजूत, म्हणून तिच्याशी कोणी बोलत नाही. माणसं येतात, तोंड फिरवून होडीत बसतात, तोंड फिरवून उतरतात. तिच्या सोबतीला एक म्हातारं नर बदक, एक पंख मोडलेलं. बदकांत कलकलाट करते ती मादी. नराच्या गळ्यातून नुसती खरखर निघते, दाराची बिजागरी गंजल्यासारखी. शेवटी नदीवर असं धुकं येतं की मोर्वाला काठ सापडत नाही. ती वल्ही खाली ठेवते. पुरे झालं म्हणते. आणि तेव्हा काठावर मागे राहिलेल्या बदकाची ती खरखर ऐकू येते. ती पुन्हा वल्ही उचलते. एवढीच गोष्ट. राजा नाही, लढाई नाही, तलवार तर औषधालाही नाही.

ही गोष्ट आर्डिसला कुठल्या पुस्तकातून मिळाली नव्हती. वडील गेल्यापासून पार्क पॉइंटच्या त्या वाळूच्या पट्टीवरल्या घरात ती एकटी होती. शुक्रवारी शाळा सुटली की सोमवारी शाळा भरेपर्यंत तिच्याशी बोलणारं कोणी नसे. सोमवारी सकाळी ती लव्हर्नला “आलीस का” म्हणायची तेव्हा गळ्यातून नुसती खरखर निघायची, आणि लव्हर्न म्हणायची, “सर्दी झाली का गं?” दर सोमवारी सर्दी. लव्हर्नला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

शाळेतून आल्या आल्या आर्डिसने न्यूयॉर्कला फोन लावला. तिचं पुस्तक मिरिअम झेलनिक नावाच्या एका तरुण संपादिकेच्या हाती होतं.

“आर्डिस! बघितलंत चित्र? इथं सगळे खुळावलेत त्यावर!”

“ड्रॅगन कुठून आला?”

“म्हणजे?”

“माझ्या पुस्तकात ड्रॅगन नाही.”

“असं काय करता, आहे की. ड्रेक.”

आर्डिस स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

“मिरिअम, ड्रेक म्हणजे बदक. नर बदक.”

पलीकडे टाइपरायटर वाजत होता तेवढाच.

तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला ड्रेक म्हणजे बदक, दुसरं काही सुचतच नाही. पण जिथे दिवसभर शाप, तलवारी आणि राजकन्या छापतात तिथे ड्रेक म्हणजे ड्रॅगन. तो सगळा धंदाच तसा. त्या इमारतीतल्या एकालाही बदक आठवलं नाही, कारण बदक घेऊन कोणी त्यांच्याकडे आलंच नव्हतं.

“पण तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो,” मिरिअम हळूच म्हणाली.

“बदक झोपतं.”

“मला वाटलं, पिल्लू असेल. पुढच्या भागात मोठं होईल.”

“आणि ती खरखर?”

“मला वाटलं, बिचाऱ्याचा आवाज बसलाय.”

“वाचलं होतंत ना तुम्ही?”

“दोनदा वाचलंय हो! रडले होते मी शेवटी. देवाशपथ.”

ती खरंच रडली असणार. आर्डिसला तेच सगळ्यात वाईट वाटलं. बाई रडली, पण कोणासाठी?

मग मिरिअमने मुद्द्याला हात घातला. चित्र जाहिरातीसाठी छापून गावोगाव फिरत होतं. दुकानांना माल पोचवणारे लोक चित्र पाहूनच मागणी नोंदवतात, आणि मागणी दणकून आली होती. आता ते मागे घेता येणार नव्हतं. तेव्हा आतलं बदलायचं. “चारदोन शब्दांचं तर काम आहे,” मिरिअम म्हणाली. “बदकाच्या जागी ड्रॅगन.”

“नाही केलं तर?”

“तर साहेब ते चित्र दुसऱ्या पुस्तकाला लावतील. एक गृहस्थ आहेत आमच्याकडे. चित्र दाखवलं की गोष्ट लिहून देतात.”

“आणि माझं पुस्तक?”

“ते… बघू म्हणाले. बघू म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं. सोमवारी सांगा मला. प्लीज.”

सदरा शिवून झालाय, मापात बसत नसेल तर माणसाचे हात छाटा. न्याय हा असा, आणि तो सांगणारी पोरगी इतकी गोड बोलत होती की तिला शिवीही देता येईना.

शनिवारी आर्डिस टेबलाशी बसली आणि तिने प्रामाणिकपणे ड्रॅगन करून पाहिला. ‘ड्रॅगन तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला,’ असं लिहिलं. होडी बुडाली. ड्रॅगन लहान केला, मांजराएवढा. तो मांजर झाला. पुन्हा मोठा केला. आता तो होडीत मावेना म्हणून आभाळातून उडवला, तर वेगळीच आफत. जिच्या डोक्यावर जाळ ओकणारं एवढं धूड घिरट्या घालतंय, तिच्याशी न बोलण्याची गावात कोणाची छाती आहे? सगळं गाव काठावर येऊन उभं राहील. मोर्वाकाकू, बऱ्या आहात ना? मोर्वाकाकू, जेवून जा! ड्रॅगन आला की एकटेपण गेलं, आणि एकटेपण गेलं की पुस्तकात उरलं काय? एक होडी.

शेवटचं पान तिने ड्रॅगनच्या गर्जनेने सुरू केलं आणि कागद यंत्रातून ओढून काढला. गर्जना कोणीही ऐकेल. बहिराही ऐकेल.

चित्राच्या कोपऱ्यात बारीक सही होती : टेडेस्को. तो न्यू जर्सीत राहतो हे मिरिअमच्या बोलण्यात आलं होतं. आर्डिसने चौकशीला फोन करून नंबर काढला. तिला भांडायचं होतं. चौकशीचे दोन शब्द सोडले तर सकाळपासून कोणाशी बोलली नव्हती, आणि आता पहिलंच बोलणं भांडणाचं असणार होतं. चालेल, ती मनाशी म्हणाली.

“टेडेस्को. काम झालेलं नाही, ओरडू नका.”

“मी आर्डिस क्वामे.”

“कोण?”

“माझ्या पुस्तकाचं चित्र काढलंत तुम्ही. होडीतल्या मुलीचं.”

“अच्छा, तो ड्रॅगन! खवले बघितलेत? एकेक खवला रंगवलाय. कोणी बघत नाही खवले.”

“ते बदक आहे.”

“काय?”

तिने सांगितलं. आधी तो हसला, मग खोकला, मग खोकता खोकता पुन्हा हसला.

“बाई, मला फोनवर तीन शब्द मिळाले. मुलगी, होडी, ड्रेक. मी विचारलं, ड्रेक केवढा? म्हणाले, मावेल तेवढा.”

“ती मुलगी नाही. म्हातारी आहे.”

“असेल. म्हातारी सांगितली तरी मी मुलगीच काढतो. नाहीतर चित्र परत येतं.”

“कोणाची मुलगी आहे ही? कुठं बघितलीत असली?”

“माझी बायको आहे. होती. आता ती ॲरिझोनात एका दातांच्या डॉक्टरकडे असते. जुने फोटो आहेत माझ्याजवळ, त्यांच्यावरच चालवतो. तलवार बदलायची, केस बदलायचे. देशातल्या प्रत्येक दुकानात उभी आहे ती, आणि तिला पत्ताही नाही.”

आर्डिसचं भांडण तिथेच ढिलं पडलं.

“पुस्तकं वाचत नाही तुम्ही?”

“वाचायला कोणी दिली तर!” तो गुरगुरला. मग म्हणाला, “असं काय आहे त्या बदकात?”

तिने शेवटचं पान समोर घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. धुकं, खाली ठेवलेली वल्ही, खरखर. तिने आजवर कोणालाही काही वाचून दाखवलेलं नव्हतं. वाचून संपवलं आणि विचारलं,

“आहात का?”

“आहे. नर ओरडत नाही म्हणता?”

“नाही.”

“मला काय ठाऊक. आमच्याकडे बदक ताटातच येतं. हे बघा. चित्र माझ्याकडे परत आलंय. पुस्तकाचं नाव उठून दिसत नाही म्हणून आभाळ गडद करायचंय, छपाईच्या आधी. खाली डावीकडे जागा आहे, होडीत. तिथं घालतो तुमचं बदक. कोणाला विचारायचं नाही, सांगायचं नाही. मोडलेला पंख डावा की उजवा?”

पुस्तक लिहून झाल्यापासून पुस्तकाबद्दल तिला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न.

“उजवा,” ती म्हणाली, आणि लगेच फोन ठेवला.

सोमवारी तिने मिरिअमला सांगून टाकलं. बदक बदकच राहील, चित्र लावा खुशाल ज्याला लावायचं त्याला. मिरिअम रडकुंडीला आली. दोन दिवसांनी तिचाच फोन आला, आनंदाने फुललेला.

“साहेबांनी मान्य केलं! बदक राहिलं!”

“कसं काय?”

“मी सांगितलं, आता आतलं बदलायचं म्हटलं तर छापायला उशीर होईल. ते म्हणाले, राहू दे मग, आत कोण बघतंय.”

मिरिअमला ही बातमी चांगली वाटली होती. ती वाईट पोरगी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. आर्डिसने आभार मानले. ती लढाई जिंकली होती, आणि जिंकली कारण समोरच्याला ते रान राखण्याजोगंच वाटलं नव्हतं.

वसंतात पुस्तक आलं. सुपीरिअर स्ट्रीटवरच्या औषधांच्या दुकानात पुस्तकांचा एक फिरता घोडा होता, गोल फिरणारी तारेची मांडणी. आर्डिसने तो फिरवला आणि तिच्यासमोर ती पत्रेवाली येऊन थांबली. आर्डिसची नजर सरळ खाली डावीकडे गेली. तिथे पांढरा चौकोन होता आणि त्यात काळ्या उभ्या रेघा, बारकोडच्या. त्या सुमारास त्या रेघा सगळीकडे आल्या होत्या, सूपच्या डब्यावर, साबणावर. पुस्तकाच्या कव्हरवर त्यांना नेमकी जागा कुठली सापडली असेल? बदकाची. चौकोनाच्या कडेतून शेपटीचं एक पीस तेवढं बाहेर आलं होतं. चिठ्ठी चिकटवली असेल म्हणून तिने नखाने खरवडून पाहिलं. चिठ्ठी नव्हती. छापलेलंच होतं.

लव्हर्नने कौतुकाने एक प्रत घेतली आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवली. मात्र कव्हर भिंतीकडे करून. “चर्चचे पाळक येतात गं घरी,” ती म्हणाली. “त्यांना काय सांगू, ही माझी मैत्रीण?”

“वाचलंस का?”

“सुट्टीत वाचेन.”

दर शनिवारी आर्डिस खोकल्याच्या गोळ्या घ्यायला त्या दुकानात जाऊ लागली. गोळ्या घ्यायच्या आणि घोड्याजवळ रेंगाळायचं. माणसं यायची, घोडा फिरवायची. कोणी पत्रेवालीकडे बघून गालात हसायचं, कोणी उचलायचं. विकलं जात होतं पुस्तक. चित्र चांगलं काम करत होतं, त्यात खोटं नाही.

अशाच एका शनिवारी बोटींत लोहखनिज भरण्याच्या धक्क्यावर काम करणारा एक माणूस आत आला. जाकिटाच्या शिवणींत लाल धूळ बसलेली, उंच, खांदे पडलेले. त्याने तिचं पुस्तक काउंटरवर आपटलं.

“हे परत घ्या.”

“वाचलेलं दिसतंय,” दुकानदार म्हणाला.

“ह्यात ड्रॅगन नाही.”

“काय नाही?”

“ड्रॅगन. हा. हा कव्हरवर आहे ना, तो आत नाही. शोधून दाखवा. आत बदक आहे.”

दुकानदार खदखदून हसला. “बदक?”

“हसायला काय झालं? बदक. आणि ही पोरगीसुद्धा नाही. एक म्हातारी आहे. माझ्या आत्यासारखी.”

“बरं बरं, चिडू नका.” दुकानदाराने पुस्तक उचललं, पाठीवर अंगठा दाबला आणि एका झटक्यात कव्हर टरकावलं. कव्हर खणात गेलं, रबर लावलेल्या तसल्याच कव्हरांच्या गठ्ठ्यात. उरलेलं पुस्तक काउंटरखालच्या कचऱ्याच्या डब्यात धपकन पडलं. न खपलेल्या पुस्तकांचं तसंच करतात. हिशेबाला कव्हर परत पाठवलं की दुकानदाराला त्याचे पैसे मिळतात. आतल्या कागदांच्या वजनाला टपालखर्च करायला कोणी तयार नसतं.

आर्डिसच्या हातात गोळ्यांची पुडी होती. ती तिच्या मुठीत चुरगळली.

त्या माणसाने पैसे खिशात घातले आणि बाहेर जाऊन तो बसच्या थांब्यावर उभा राहिला. ती त्याच्या मागोमाग गेली. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. शनिवार होता, गळा सकाळपासून वापरलेलाच नव्हता.

“तुम्ही सगळं वाचलंत?”

त्याला नीट ऐकू आलं नाही. तो वाकला. “काय म्हणालात?”

“ते पुस्तक. शेवटपर्यंत?”

“वाचलं की. आता येईल, मग येईल म्हणत बसलो. ड्रॅगन.” त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. “तुम्हीही घेतलं होतं काय? फसलात म्हणजे.”

“शेवट कसा वाटला?”

“वाईट.”

“का?”

“का म्हणजे? धुक्यात ते बदक तिला हाक मारतं, ती काठाला लागते. ठीक आहे. पण बदक जगतं किती? धक्क्यावर विचारलं मी आमच्या लोकांना. फार नाही जगत म्हणाले. हे तर आधीच म्हातारं. ते मेल्यावर तिनं काय करायचं? पुन्हा धुकं येणारच ना. नदी आहे ती.” तो रागावला होता, खरोखर रागावला होता. “लिहिणाऱ्यानं ह्याचा विचारच केलेला नाही. लिहून मोकळा झाला. इथं आम्ही जेवणाचा डबा उघडला की तीच म्हातारी समोर. घरात कोणी नाही बोलायला, तर म्हटलं, चार दिवस जरा मारामारीचं वाचू. तर ही बया येऊन बसली डोक्यात. म्हणून दिलं परत. ड्रॅगन असता तर बरं झालं असतं. ड्रॅगन असा लवकर मरत नाही.”

आर्डिसने बदकासाठी न्यूयॉर्कशी भांडण मांडलं होतं, पुस्तक पणाला लावलं होतं, आणि बदक मेल्यावर काय हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. ह्याला पडला होता. लाल धुळीच्या त्या माणसाच्या घरात मोर्वा चार दिवस राहून आली होती, आणि त्याने तिला घराबाहेर काढलं ते तिचं बोलणं सहन होईना म्हणून.

“तुम्ही वाचलंय ना,” तो म्हणाला. “मग सांगा, काय करेल ती?”

“मला नाही ठाऊक.”

“लिहिणाऱ्याला विचारलं पाहिजे. कोण आहे तो?”

‘मी’ एवढाच शब्द होता. तो तिच्या तोंडात आलेला होता. पण तो बाहेर पडला असता तर पुढचा प्रश्न तोच आला असता, आणि ह्या वेळी ठाऊक नाही म्हणण्याची सोय उरली नसती. कोपऱ्यावरून बस वळली. थांब्याशी आली. दार उघडलं.

“नाव कव्हरवर होतं,” आर्डिस म्हणाली.

“ते तर फाडलं ना त्यानं,” तो म्हणाला, आणि आत चढला.